मढं नसताना

"कट! अरे, मढं शिंकलं!"

तिसऱ्यांदा शिंकलं. पांढऱ्या चादरीखालचा नट उठून बसला, त्यानं नाक चोळलं आणि चहा मागायला लागला. विहिरीच्या काठावर त्याच्याभोवती बसवलेल्या आमच्या नऊ बायकांनी तोंडाला पदर लावले.

"आगं बया, मेल्याला तलप आली," सखूबाई म्हणाली. "कुनीतरी चा पाजा त्याला, न्हाईतर भूत व्हऊन शूटिंगमधी हिंडंल."

"मावशी, हसू नका हो," दिग्दर्शक काकुळतीला आला. "तुमचा माणूस गेलाय. गेलाय ना?"

"माझा मानूस तिकडं बैलं पाजतूय की!"

पुन्हा हसण्याची लाट. दिग्दर्शकानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली. पुण्याचा माणूस, पस्तिशीचा, बोलायला गोड. सकाळपासून तो या नऊ बायकांना रडायला सांगत होता. बायका खांदे हलवायच्या, पदर डोळ्यांना लावायच्या, पण तोंडातून आवाज काढत नव्हत्या. त्याला वाटलं, कॅमेऱ्याला लाजतात. लाजतात कसल्या! आमच्याकडं मढं नसताना गळा काढत नाहीत. साधी पोर खेळता खेळता हेल काढून रडली तरी आई तिच्या थोबाडीत देते, घरात कुणाला बोलावतीस म्हणून. खोट्या मढ्यापुढं खरा गळा कोण काढील? हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. युनिटच्या चाळीस माणसांत एकालाही नव्हतं.

मी काखेत कादंबरी घेऊन बाभळीखाली उभा होतो आणि मनातून खूश होतो. रडू नका म्हणावं. पडू दे यांचा सिनेमा.

मी राजरत्न. दहावी नापास. गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल, शिपाई आणि झाडूवाला, तिन्ही मीच. आमचं गाव निरगुडसरच्या पलीकडं, नदीकाठाला. नाव लिहीत नाही, कळायचं त्यांना कळेल. आणि कादंबरी म्हणजे 'आठ परस'. माणसानं हात वर केल्यावर जेवढी उंची होते तो एक परस. आमच्याकडं विहिरीची खोली अजून त्यातच सांगतात. पाटबंधारे खात्यातले एक साहेब कालव्याच्या सर्व्हेला दोन वर्षं गावात राहिले होते, त्यांनी ती लिहिली. अठ्ठ्याऐंशी साली छापून आली. त्यानंतर ते वारले. म्हणून तर सिनेमावाल्यांचं फावलं.

बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम उन्हाळ्यात आमच्या वस्तीत चालायचं. वीस-पंचवीस बाया गोल करून बसायच्या आणि हात चालू असताना कान मोकळे म्हणून मी वाचायला बसायचो. भुताची पुस्तकं वाचली, नवलकथा वाचल्या. पण 'आठ परस' काढली की शेंगांचा कटकट आवाज थांबायचा. मुकादम ओरडायचा, "राजरत्न, ते पुस्तक नको रं, कामं व्हईनात!" अकरा वेळा वाचली मी ती. बायांना तोंडपाठ झाली.

गोष्ट काळी आहे. जमिनीची मोजणी होते. मोजणीदार विचारतो, बांधाचा खरा दगड कुठला? गावातला एक माणूस बोट दाखवतो. आठवड्यानं तोच माणूस विहीर खोल करायला खाली उतरतो. सुरुंग ठासायचा, वात पेटवायची, दोर हलवायचा, की वरच्यांनी त्याला ओढून घ्यायचं, अशी कामाची रीत. तो वात पेटवतो. दोर हलवतो. आणि दोर रिकामाच वर येतो. वर पाच माणसं असतात. खून कुणी केला हा प्रश्नच कादंबरीत नाही. सगळ्या गावाला ठाऊक असतं. कादंबरीत पोलीस कुणालाही पकडत नाहीत, आणि शेवटच्या पानावर तीच पाच माणसं पारावर बसून पावसाच्या गप्पा मारतात. पुस्तक मिटलं की अंगावर काटा यायचा, कारण पार आमच्याही गावात होता.

आणि ती पाचही माणसं खरी होती. तिघं अजून जिवंत होती. कारण गोष्ट झुंबरबाईच्या नवऱ्याची होती.

सोमाजी त्याचं नाव. बांधाचा, शिवेचा वाद पूर्वी आमच्या माणसांच्या शब्दावर मिटायचा. कुठला दगड कुठं पुरलाय हे आमच्याकडं बापाकडून पोराकडं यायचं. छप्पन साली धर्म बदलला, गावकी सोडली, पण दगड काही डोक्यातून गेले नाहीत. सोमाजीला विचारलं, त्यानं खरं सांगितलं. एकोणऐंशीची गोष्ट. वर दोराला हात घालणारा म्होरक्या होता वरच्या आळीच्या घरातला धाकटा, बाजीराव. तेव्हा पंचविशीचा होता.

झुंबरबाई त्या दिवशी त्याच विहिरीवर मुरमाच्या पाट्या टाकत होती. तिनं डोळ्यांनी पाहिलं. मढं वर काढल्यावर तिनं गळा काढला आणि त्या रडण्यात सगळं सांगितलं. आमच्या बायका रडताना नुसत्या रडत नाहीत, बोलतात. कोण गेलं, कसं गेलं, कुणामुळं गेलं. नाव घेत नाहीत, खूण सांगतात. सगळ्या गावानं ऐकलं. फौजदार पंचनामा लिहीत शेजारीच बसला होता. सोमाजीच्या भावानं त्याला म्हटलं, साहेब, ती सांगतीय ते लिवा की. फौजदार म्हणाला, बायकांच्या रडण्याची नोंद घेत नसतात. हयगयीमुळं मृत्यू. कागद बंद.

पुढं ती कधीच काही बोलली नाही. कशी बोलणार? मढं जाळून झालं होतं. दोन वर्षांची पोर होती, शीला. तिला मामानं तळेघरला नेलं. तिथंच वाढली, तिथंच लग्न झालं. बाप सुरुंगात गेला, वात लवकर जळली, एवढंच तिला ठाऊक. कादंबरी तिकडं डोंगरात कशाला पोचतीय!

आता सिनेमा. पहिल्या दिवशी मी दिग्दर्शकाला गाठलं. हातात पुस्तक, पानापानाला चिठ्ठ्या.

"सर, पुस्तकात खुनी गावातला आहे. तुम्ही परगावचा कंत्राटदार केलाय."

"हो. तो स्मगलर पण आहे."

"विहिरीतून काय स्मगल करतो? बेडकं?"

तो हसला. चिडला नाही, हेच जास्त लागलं मला. "हे बघ, पुस्तक वेगळं माध्यम, सिनेमा वेगळं. लोक तीन तास बसतात. त्यांना शेवटी आशा लागते."

"मग आशेवर काढा की सिनेमा. खुनावर कशाला काढता? आणि जमीनदार पाटील पुस्तकात पारावर बसून पावसाच्या गप्पा मारतो. तुमच्यात तो विधवेला बहीण मानून साडीचोळी करतो!"

"ती भूमिका लोकांना आवडेल."

"कुणाला आवडेल ते ठाऊक आहे मला."

ठाऊक होतंच. युनिटला राहायला बाजीरावचा मळ्यातला बंगला, फिरायला बाजीरावची जीप, जेवायला बाजीरावचं मटण. विहीरही त्याचीच. जुनी नाही, ती त्यानं दगडमाती टाकून कधीच बुजवली. नवी, पायऱ्यांची, पाणी असलेली. बदल्यात त्यानं एकच मागितलं होतं, खुनी आमच्या गावातला दाखवू नका, गावाची बदनामी नको. दिग्दर्शकानं एका चहात कबूल केलं. कादंबरीचं नावसुद्धा ठेवलं नाही. सिनेमाचं नाव 'सूड विहिरीचा'. त्यात कांद्याच्या वाफ्यात एक नाचगाणं होतं. कांद्याच्या वाफ्यात! ज्याचा कांदा तुडवला तो नवनाथ नटीकडं बघत हसत उभा होता.

तर, मढं चहा पीत होतं आणि दिग्दर्शक डोकं धरून बसला होता.

तेव्हा झुंबरबाई उठली.

ती रडणाऱ्या बायकांत नव्हती. बघायला आली होती, माझ्याच शेजारी बाभळीखाली बसली होती. पंचेचाळिशीची, काटक, तंबाखूची मिसरी लावून दात काळे. तिनं मला विचारलं, "राजू, बाजीराव कुठंय?"

"बंगल्यावर. मटणाचं बघायला गेलाय. का?"

ती सरळ दिग्दर्शकापुढं जाऊन उभी राहिली. "सायेब, म्या रडू का?"

"रडा ना मावशी! प्लीज रडा!"

"मंग मदी थांबवायचं न्हाई. रडनं मदी तोडत न्हाईत."

"नाही थांबवत."

"आन ह्याला सांगा, हलू नगं. मेलेलं मानूस चा पीत न्हाई."

नट कप टाकून आडवा झाला. साउंडवाल्यानं कानाला हेडफोन लावले. मी बाभळ सोडून पुढं गेलो. काखेतलं पुस्तक कधी हातात आलं कळलं नाही. आमच्या बायकांचं हसणं एकदम बंद झालं. सखूबाई हळूच म्हणाली, "झुंबर, मढं न्हाई बया. नगं."

"माझं हाय," झुंबरबाई म्हणाली, आणि मढ्याच्या पायापाशी बसली.

ऍक्शन म्हटलेलं मला ऐकू आलं नाही. तिचा आवाज आला. आधी खालून, जमिनीतून आल्यासारखा, मग वर चढत गेला.

"आरं माझ्या धन्याऽ, आठ परस तू खाली रंऽ, आन वर पाच जनं रंऽ...
वात तू लावलीस, दोर तू हलीवलास, हाळी तू दिलीस रंऽ...
दोर हालला, दोर वर ग्येला, तू न्हाई आलास रंऽ...
वरच्या आळीच्या धाकल्याऽ, दोराला हात तुजा रंऽ, हातात चांदीचं कडं रंऽ...
दगूड खरा दावला म्हून माझा मानूस दगडाखाली घातलास रंऽ...
म्या डोळ्यांनी बगितलं, पाटी माझ्या डोईवर व्हती रंऽ..."

माझ्या हातातलं पुस्तक मला हलकं वाटायला लागलं. साहेबांनी या जागी काय लिहिलं होतं? 'माझ्या सौभाग्याचा दोर कुणी ओढून घेतला?' चांगलं वाक्य आहे, अकराही वेळा मी ते दोनदा वाचून दाखवलं होतं. पण कडं नव्हतं त्यात. धाकला नव्हता. साहेब भला माणूस, तरी त्यानंही तिचं रडणं धुऊन, इस्त्री करून घेतलं होतं. आणि हा कांद्यात नाचणारा, स्मगलर घातलेला, बाजीरावचं मटण खाल्लेला भिकार सिनेमा तिचा शब्दन्‌शब्द टेपवर घेत होता!

दुसऱ्या ओळीला सखूबाईनं हेल धरला. मग सगळ्यांनी. नऊ बायका झुंबरबाईच्या मागं "धन्या रंऽ" म्हणत होत्या आणि त्यातली एकही नाटक करत नव्हती. नटी वृषाली मढ्याच्या उशाशी बसली होती. तिला संवाद होता, तो ती विसरली.

"कट! ओके! ओके!" दिग्दर्शक नाचायला लागला. "काय रडल्या मावशी! अंगावर काटा!" मग आपल्या असिस्टंटला म्हणाला, "काय म्हणत होत्या रे त्या?"

असिस्टंट कोथरूडचा. म्हणाला, "काही नाही सर. रडतात ना तसंच."

मी तोंडात मूठ कोंबली. खरं सांगतो, मला नाचावंसं वाटत होतं. यांना मराठी येत होतं, पण बायकांचं रडणं हे ऐकायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं. फौजदारासारखंच. फरक एवढाच, की यांनी नोंद घेतली होती. फिल्मवर.

वृषालीनं तेवढं झुंबरबाईला जवळ जाऊन विचारलं, "मावशी, हे कडं कुणाचं?"

झुंबरबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "पोरी, तू सिनेमात हायेस. तुला कशाला?"

"आवाज हाच ठेवा सर," वृषाली दिग्दर्शकाला म्हणाली. "स्टुडिओत परत करू नका. असा येणार नाही." तिला किती कळलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी बाजीराव आला, सगळ्यांना आग्रहानं वाढलं, हातातलं कडं मागं सारत स्वतः रस्सा ओतला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. ना बायकांनी, ना गड्यांनी. सतरा वर्षं या गावानं तोंड शिवून त्याला सांभाळला होता. त्या दिवशी त्याच गावानं तेच तोंड झुंबरबाईसाठी शिवलं. गावाचं कौतुक म्हणून लिहीत नाही. गप्प बसायची त्यांना सवयच होती, फक्त या वेळी बाजू बदलली.

पुढचे अकरा महिने मला झोप म्हणून लागली नाही. कापतील का? गाणं वाढवायला रडणं तोडतील का? मी चार पत्रं टाकली, दिग्दर्शकाला लिहिलं, रडण्याचा सीन अप्रतिम आहे, पुरस्कार मिळेल. लबाडी केली. झुंबरबाई रोज वाचनालयाच्या दारात यायची. "आला का रं शिनेमा?" तिला एकच पाहिजे होतं.

"शीलीला दावायचाय. मला तिच्याफुडं तोंड उघडत न्हाई, राजू. इतकी वरसं झाली. काय म्हून बोलू? मढं न्हाई, सुतक न्हाई. आवाज माजा हाय, तिला वळखू यील. बसंल खुर्चीवर आन ऐकंल. मला बोलाया लागायचं न्हाई."

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये सिनेमा आला. बाजाराच्या गावच्या थेटरात शुक्रवारी दुपारी तीनचा पहिला खेळ. गावातून सहा ट्रॅक्टर ट्रॉल्या गेल्या. बाजीरावनं निम्मं थेटर फुकट बसवलं होतं. सिनेमात आपल्यासारखा दिसणारा देवमाणूस पाटील आहे हे त्याच्या कानावर गेलेलं. तो पुढच्या रांगेत, गळ्यात हार, शेजारी पुढारी. झुंबरबाई आणि मी मागं, भिंतीला टेकून.

काय वर्णावा तो सिनेमा! कांद्याच्या वाफ्यातल्या गाण्याला शिट्ट्या पडल्या. आठ परस विहिरीच्या जागी कमरेएवढं पाणी, आणि त्यात पडून नट मेला. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "आयला, ह्यात तर म्हस बी मरायची न्हाई!" मी पुस्तकातलं एक एक पान मनात फाडत होतो. पाटलानं साडीचोळी केली तेव्हा पुढच्या रांगेतून टाळ्या वाजल्या.

मग मढं आलं. चादर. नऊ बायका. वृषालीचा चेहरा पडदाभर.

आणि झुंबरबाईचा आवाज. थेटरच्या भोंग्यातून, कौलं थरथरावीत असा. त्याखाली त्यांनी सनई का काय घातली होती, पण आवाज वर होता. "आठ परस तू खाली रंऽ." पहिल्या ओळीला मागच्या बाकांवरची खुसफुस थांबली. "दोर वर ग्येला, तू न्हाई आलास रंऽ." सोडा विकणारा बाटल्या वाजवत चालला होता, तो जागच्या जागी थांबला. "वरच्या आळीच्या धाकल्याऽ..."

पडद्याकडं कुणी पाहिना. सगळं थेटर, पाचशे माणसं, माना वळवून पुढच्या रांगेत हार घातलेल्या माणसाकडं बघत होती. पडद्याचा उजेड त्याच्या अंगावर पडत होता. "हातात चांदीचं कडं रंऽ..." बाजीरावनं सदऱ्याची बाही खाली ओढली. मनगटापर्यंत, मग त्याच्याही खाली, बोटांवर. आणि तशीच धरून बसला.

साडेतीन मिनिटं चालला तो सीन. मी घड्याळ लावलं होतं. सगळ्या सिनेमात पुस्तकाशी इमान राखलेली तेवढीच साडेतीन मिनिटं, आणि तेवढ्यात तो पुस्तकाच्याही पुढं गेला. माझ्या छातीत ट्रॅक्टर चालू झाला होता. मी झुंबरबाईचा हात धरला. ती पडद्याकडं बघत होती, एकटी तीच. म्हणाली, "आवाज लई म्होटा येतोय रं. चांगलं झालं."

शेवटी इन्स्पेक्टरनं स्मगलरला बदडलं. कुणी शिट्टी मारली नाही. दिवे लागले, माणसं आपापली उठली, बाजीरावजवळून जाताना कुणी रामराम घातला नाही. एवढंच. दगड मारले नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. पण सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाजवळून दोनशे माणसं रामराम न घालता गेली.

त्याच संध्याकाळी मी तळेघरच्या मास्तराला फोन लावून निरोप दिला, शीलाला पाठवा. आई बोलावतीय म्हणा.

शीला सोमवारी आली. सकाळची गाडी नव्हती म्हणून पहाटे निघून दोन तास डोंगर उतरली, मग एसटी. कडेवर वर्षाचं पोर. वीस वर्षांची, बापासारखी उंच. "आई, शिनेमासाठी येवड्या लांबनं बोलीवलं?" म्हणून हसत होती. "मला वाटलं आजारी बिजारी पडलीस."

"बस. बग फकस्त," झुंबरबाई म्हणाली. नवं लुगडं नेसून आली होती.

थेटर रिकामं. वीस-पंचवीस माणसं. आम्ही तिघं मधोमध बसलो. गाणं झालं, कमरेएवढ्या पाण्यात नट मेला. शीलाचं पोर रडायला लागलं, झुंबरबाईनं ते घाईघाईनं स्वतःकडं घेतलं, त्याच्या तोंडावर हात ठेवला. "ऐक आता," ती शीलाला म्हणाली. "आता ऐक."

चादर दिसली. वृषालीचा चेहरा आला. पडदा थरकला, पांढरी रेघ वरून खाली गेली, आणि इन्स्पेक्टरची जीप धावायला लागली.

मी जिना चढून वर ऑपरेटरच्या खोलीत कसा गेलो मला आठवत नाही. गोरख नावाचा ऑपरेटर, बनियनवर, डबा खात बसला होता.

"रडण्याचा सीन कुठंय?"

"कसला सीन?"

"गोरख, भोसडीच्या, तुकडा कुठंय?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडं बघितलं नाही. "शनवारी सकाळी वरनं निरोप आला. काप म्हनले, कापला. तुकडा बी घिऊन ग्येले. माझी दोन पोरं हायेत, भाऊ. मी काय करू?"

"दुसरी प्रिंट?"

"दोनच काढल्यात. दुसरी नागपूरकडं ग्येली."

म्हणजे तिकडं कुठंतरी झुंबरबाई रोज तीन खेळांना ओरडून सांगत होती, आणि समोर बसलेल्या माणसांना ते रडणं वाटत होतं. आणि इथं, जिच्यासाठी सांगायचं ती पोर बसली होती आणि जीप धावत होती. मी गोरखच्या डब्याला लाथ मारली. भाकरी यंत्राखाली गेली. त्यानं मला शिवीसुद्धा दिली नाही, वाकून भाकरी उचलायला लागला. मला माझीच लाज वाटली, पण राग तेवढाच राहिला. अजून आहे.

खाली आलो तर दोघी बाहेर पायरीवर बसल्या होत्या. सिनेमा अर्धा टाकून उठल्या होत्या. ऊन तिरपं झालेलं. समोर एसटीचा थांबा, उसाचा रस, माणसांची ये-जा. पोर शीलाच्या मांडीवर झोपलं होतं.

"कापलं काकी," मी म्हणालो. "त्यानं कापलं."

"कळलं मला."

"मी पुण्याला जातो. दिग्दर्शकाला धरतो. नागपूरला जातो. मी..."

"राजू, गप जरा."

"आई, काय कापलं?" शीलानं विचारलं. "मला काय ऐकवायचं व्हतं?"

झुंबरबाईनं मिसरीची डबी काढली, उघडली, तशीच मिटली. वरच्या आळीतला एक जण मोटारसायकल घेऊन रसाच्या गाड्याशी उभा होता, तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला नाही. मला वाटलं आता ती गळा काढील. तशी मी तयारीच केली. पण ती बोलायला लागली. साध्या आवाजात. बाजारात मेथी कितीला गेली ते सांगावं तशी.

"शीले, तुझा बा वात लवकर जळली म्हून मेला न्हाई. वात बराब्बर व्हती. त्यानं दोर हलीवला, वरच्यांनी दोर वर घेतला. म्या व्हते तिथं. पाट्या टाकत व्हते."

"वरचे कोन, आई?" शीलानं विचारलं.

"पाच जनं व्हती. बाजीराव मारुती. त्याचा थोरला भाऊ भगवंत, त्यो मेला. गेणू शेलार. त्याचा मेव्हना, नाव नामदेव. आन पाचवा आपला. आपल्याच वस्तीतला. सदाशिव. माझा चुलत दीर. त्यो बी मेला."

पाचवं नाव मला ठाऊक नव्हतं. रडण्यात त्याची खूणही कधी आली नव्हती. पुस्तकातही नव्हतं. सदाशिव म्हणजे माझा बाप.

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं नाही. पुढं सांगत राहिली, मोजणीदार कसा आला, दगड कुठं होता, सोमाजीनं त्या दिवशी काय खाल्लं होतं, कुठला सदरा घातला होता. रसवाल्यानं घुंगरू थांबवलं. मोटारसायकलवाल्यानं गाडी चालू केली, मग बंद केली. शीला काही विचारायची आणि झुंबरबाई सांगायची. डोळ्यात पाणी नाही, हेल नाही. सगळी नावं पुन्हा, पहिल्यापासून.

घोडेगावमार्गे तळेघरची गाडी आली. कंडक्टरनं दार उघडून दोनदा हाळी दिली. शीलानं पोराचं डोकं मांडीवर नीट केलं आणि आईजवळ सरकली. गाडी गेली. मी खालच्या पायरीवर बसलो आणि ऐकत राहिलो.